आण्याची यात्रा इंग्रजीतून सांगा

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतली तोंडी परीक्षा 11 ते 14 मिनिटांची. मधल्या भागात विषयाचं कार्ड मिळतं, तयारीला एक मिनिट, मग दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचं. नेमकं इथेच मुलं पाठ केलेलं उत्तर म्हणू लागतात आणि परीक्षकाच्या ते लगेच लक्षात येतं. आणे गावच्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे: उत्सवाबद्दल विचारलं, तर गावातली रंगदास स्वामींची यात्रा सांगा. कढयांत उकळणारी आमटी, घरोघरच्या भाकरी, पंगती. जे डोळ्यांनी पाहिलंय, त्याचा ओघ तुटत नाही. गुण ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार यांना असतात. बोलण्याला मराठी वळण असलं, म्हणून गुण कापले जात नाहीत, बोलणं स्पष्ट कळायला मात्र हवं. त्यासाठी रोज मोठ्याने बोला, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका.