लाल ठिपक्याची लाज कसली?

आमच्या विस्कॉन्सिनमधल्या शिकारी कंपूत दर वसंतात एक वाद नव्याने पेटतो. रानटर्कीसाठीच्या बाराबोअर बंदुकीवर रेड डॉट साइट बसवावी की नाही? यंदा मी बसवली आणि शिव्या खाल्ल्या. "ही शिकार नव्हे, व्हिडिओ गेम!" इति आमचे शेजारी. नळीच्या टोकावरच्या पितळी मण्यावर त्यांच्या तीन पिढ्यांनी इथे टर्की पाडल्यात म्हणे. पाडल्या असतील. जखमी होऊन निसटल्या किती, ते कोणी मोजलं?

मी एक मोजलीय. मागच्या वसंतात झाडाला पाठ टेकून दीड तास बसलो होतो. नर आला तो नेमका उजवीकडून. अंग पिळून बंदूक धरली, पक्षी नीट दिसावा म्हणून गाल दस्त्यावरून किंचित उचलला आणि चाप ओढला. या बंदुकीला मागची साइट नसते, आपला डोळा हीच मागची साइट. डोळा वर गेला की बारही वर जातो. चार पिसं उडाली, पक्षी धडपडत झाडीत घुसला. संध्याकाळपर्यंत शोधला. सापडला नाही. त्या रात्री जेवण गेलं नाही.

रेड डॉट नेमकी हीच चूक सांभाळून घेतो. (नातेवाईक मंडळी, हा लेझर नव्हे. पक्ष्यावर काही पडत नाही, ठिपका फक्त आपल्याला काचेत दिसतो.) डोळा थोडा सरकला तरी ठिपका जिथे, तिथेच बार.

"बाराबोअरने नेम धरायचा नसतो, बंदूक नुसती पक्ष्यामागे फिरवायची." उडत्या फेझंटसाठी शंभर टक्के मान्य! तिथे मीही ठिपका लावणार नाही. पण टर्की उभी असते, मारायचं डोकं-मानेवर, आणि घट्ट चोकमधून वीस यार्डांवर छर्‍यांचा झुबका जेमतेम वीतभर. तिथे नेम नको तर काय?

आणि परंपरा? १९ व्या शतकाअखेर इथे रानटर्की उरलीच नव्हती. १९७६ मध्ये मिसुरीहून पक्षी आणून सोडले, १९८३ मध्ये शिकार पुन्हा सुरू झाली. तीन पिढ्या कुठून आल्या हो?

पण ठिपकेवाल्यांनीही कॉलर ताठ करू नये. चार स्क्रू आवळले आणि निघाले रानात! धक्क्याने स्क्रू सैल होतात, थ्रेडलॉकर लावा. साइट होईल तितकी खाली बसवा, नाहीतर गाल पुन्हा हवेत. वीस यार्डांवर हलक्या काडतुसांनी कागदावर जुळवा, मग शिकारीच्याच काडतुसाने चाळीसवर खात्री करा. आणि ठिपका दिसतो म्हणून साठ यार्डांवर बार काढू नका. ठिपक्याने छर्‍यांची ताकद वाढत नाही.

सातार्‍याच्या आत्याला शिकारच पटत नाही. तिच्याशी मी वाद घालत नाही, तिचं म्हणणं निदान सरळ आहे. पण मारायचं ठरवल्यावर पक्ष्याला तडफडत सोडायचं आणि वर त्याला परंपरा म्हणायचं, हे मला जमणार नाही.

असो. पटत नसेल तर भांडायला या, चहा टाकतो.