लॅटिन वगळून रोम

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाने २०२१ साली अभिजात विद्येच्या पदवीसाठी ग्रीक किंवा लॅटिन शिकण्याची अट काढून टाकली. या भाषा तिथे आजही शिकवल्या जातात, हव्या त्याने घ्याव्यात. पण त्यांतलं अक्षरही न शिकता ग्रीस-रोमच्या विद्येचा पदवीधर होता येतं. उरलेलं काम अनुवाद करतील, हे त्यात गृहीत आहे.

मी अनुवादक आहे, म्हणून हा विश्वास पाहून मी सुखावायला हवं. मला तो नको आहे. 'इनीड'च्या नायकाला व्हर्जिल वारंवार 'पिउस' म्हणतो. वडील, देव आणि आपली माणसं, या सगळ्यांशी असलेली बांधिलकी त्या एका शब्दात आहे. इंग्रजीत तो कुणाच्या हाती भाविक होतो, कुणाच्या हाती कर्तव्यदक्ष. मराठीत मी काय लिहू? 'धर्मनिष्ठ' लिहिलं तर तो थेट युधिष्ठिराशेजारी जाऊन बसतो. 'पितृभक्त' लिहिलं तर श्रावणबाळ होतो. शेवटी काहीतरी एक निवडून मी पुढे जाईन, कारण पान संपवायचं असतं. सामान्य वाचकाने ते खुशाल वाचावं, त्याच्यासाठीच अनुवाद असतो. पण माझी निवड हेच मूळ समजून कुणी त्यावर प्रबंध लिहावा, हे मला मंजूर नाही. अनुवादकाला नेमकं कुठे पकडायचं, एवढं तरी पदवीधराला यायला हवं.

अट काढण्याच्या बाजूने दुसरा मुद्दा मांडला जातो, तो अधिक गंभीर आहे. महागड्या शाळांतली मुलं लॅटिन शिकून येतात, बाकीची उंबऱ्यातच अडतात. दुखणं खरं, औषध चुकीचं. या मुलांना पहिल्या धड्यापासून शिकवा, वर्ष जास्त लागलं तर लागू द्या, त्यासाठी शिक्षक नेमा. अर्थात त्याला पैसे पडतात. अट काढायला काही पडत नाही. विल्यम सँडर्स स्कारबरो १८५२ साली जॉर्जियात गुलामगिरीत जन्मले, ग्रीक-लॅटिनचे प्राध्यापक झाले आणि १८८१मध्ये त्यांनी ग्रीकचं पाठ्यपुस्तक लिहिलं. आपल्याकडे डॉ. आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. पुढे ते संस्कृत शिकलेच. दोघांनीही भाषाच मागितली, भाषेतून सूट नव्हे. शाळेत लॅटिन शिकून आलेली मुलं ती काही सोडणार नाहीत. म्हणजे नव्यांना ओसरी मोकळी, माजघर पूर्वीच्याच मंडळींकडे.

यात आपलं काय गेलं, असं भारतातल्या वाचकाला वाटेल. गोव्यात आलेले जेझुइट थॉमस स्टीफन्स, 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे तेच, यांनी १५८३ साली भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिलं. इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे, असं त्यात नोंदवलेलं आहे. विल्यम जोन्स यांचं गाजलेलं भाषण १७८६चं, म्हणजे त्यानंतर दोनशे वर्षांनी. स्टीफन्सना हे साम्य जाणवलं, कारण दोन्हीकडच्या विभक्ती त्यांच्या कानात होत्या. (शाळेत 'देव' चालवून दमलेल्या मराठी मुलाला लॅटिनची नामरूपं फारशी भिववणार नाहीत.) अनुवादात असलं साम्य दिसत नाही, कारण तिथे दोन्ही भाषा तिसऱ्याच भाषेचे कपडे घालून येतात. तौलनिक साहित्यात एम. ए. करून मी जे काही शिकले, त्यात हे पहिलं.

आणि 'हॉर्टस मलबारिकस'? केरळच्या वनस्पतींवरचे हे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये लॅटिनमधून छापले गेले. कोकणी वैद्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्रही त्यात आहे. ते सगळं इंग्रजीत यायला २००३ उजाडावं लागलं. काम केलं के. एस. मणिलाल या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी, अनेक दशकं खपून. ज्या मुलखातली ही झाडं, त्या मुलखाच्या मल्याळममध्ये ग्रंथ आला २००८ साली.