पंधरा ऑगस्ट, पण फाडुट्सचा!

पंधरा ऑगस्टला सकाळी झेंडावंदन, मग जिलेबी आणि दुपारी मस्त ताणून देणं... हा आपला टिपिकल नगरी कार्यक्रम. पण दोस्तहो, युरोपातला एक टिकलीएवढा देशही आपला राष्ट्रीय दिन १५ ऑगस्टलाच साजरा करतो. नाव लिश्टनस्टाइन, राजधानी फाडुट्स. त्या दिवशी तिथला राजघराण्याचा किल्ला एरवी बंद असला, तरी त्याची बाग लोकांसाठी उघडते आणि रात्री आतषबाजी होते. सही ना?

हा देश स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मधोमध आहे. क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जिल्ह्यात असे शंभर देश आरामात मावतील! लोकसंख्या ४० हजारांच्या आसपास. विमानतळ नाहीच. झुरिकहून तासाभरात ट्रेनने सारगान्स, तिथून अर्ध्या तासात बसने फाडुट्स. सीमेवर कुणी अडवत नाही आणि चलनही स्विस फ्रँकच.

आता मेन मुद्दा, व्हिसा. लिश्टनस्टाइनचा वेगळा व्हिसा नसतो. हा देश २०११ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा पुरतो. पण अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडेच करायचा. दिवस सारखे असतील तर आधी पाय ठेवाल त्या देशाकडे.

इथे माझी फजिती सांगतेच. माझा पहिला शेंगेन अर्ज (देश दुसरा होता) चक्क फेटाळला गेला. फ्रीलान्सरचं खातं ते, कधी भरलेलं, कधी रिकामं! ते बरं दिसावं म्हणून पप्पांनी आठवडाभर आधी कांद्याच्या पट्टीतले दीड लाख त्यात टाकले. पैसे घामाचे होते, पण ते कुठून आले हे कागदावर कुठेच नव्हतं. फी गेली, तिकीट गेलं आणि पप्पा महिनाभर 'माझ्यामुळेच झालं' म्हणत बसले. ते जास्त लागलं. दुसऱ्या वेळी त्यांचं खर्च उचलत असल्याचं पत्र, आडतीच्या पट्ट्या, सातबारा आणि त्यांच्या खात्याचा उतारा असं सगळं जोडलं. व्हिसा आला!

तेव्हा हे नोट करून ठेवा :

* पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर किमान ३ महिने वैध आणि २ पानं कोरी हवीत.
* अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. ऑगस्टची गर्दी बघता एप्रिल-मेमध्येच अपॉइंटमेंट घ्या.
* जून २०२४ पासून फी ९० युरो झाली आहे. केंद्राचा सर्व्हिस चार्ज वेगळा. व्हिसा नाकारला तरी फी परत नाही.
* किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा मस्ट.
* नोकरी असेल तर ऑफिसचं रजेचं पत्र आणि सॅलरी स्लिप. फ्रीलान्सर असाल तर आयटी रिटर्न आणि कामाची पत्रं.
* जन्मगाव पासपोर्टवर 'अहमदनगर' छापलं असेल, तर फॉर्मवरही तेच लिहा. 'अहिल्यानगर' लिहून गोंधळ नको.
* कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही.

एक गंमत. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे आणि फोटो घेणं सुरू झालं, शिक्क्यांची सद्दी संपत आली. फाडुट्सच्या पर्यटन केंद्रात मात्र काही फ्रँक देऊन आठवण म्हणून शिक्का मिळतो. मी तो डायरीत घेतला. पासपोर्टवर हौशी शिक्के नकोत, बाबा!

घरी आल्यावर पप्पांना आधी तोच दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाले, "कांद्यानं दाखवला म्हणायचा हा देश!"

चला, फाइल लावायला घ्या. पुढच्या आठवड्यात भेटूच!