मस्ती की मारामारी?

मैत्रिणींनो, धाराशिवहून एका भगिनीचं पत्र आलंय. भावाने लातूरकडून कारवानी जातीची दोन पिल्लं आणून दिली, सख्खे भाऊ. आता पाच महिन्यांचे झालेत. दिवसभर एकमेकांच्या मानेला लोंबकळतात, गुरगुरतात, पडवीतली घागर लवंडतात. परवा एकाच्या कानाला रक्त दिसलं. घरात चार वर्षांची लेक. सासूबाई म्हणतात, एकाला शेतावर धाडून द्या. काय करावं?

ताई, आधी ते रक्त कुणाचं ते बघा. चार ते सहा महिन्यांच्या सुमारास पिल्लांचे दुधाचे दात पडतात. हिरडीतलं रक्त भावाच्या कानाला लागतं आणि आपला जीव घाबरा होतो! कान ओल्या फडक्याने पुसा. खाली जखम असली तर मात्र गुरांच्या दवाखान्यात दाखवा.

पुढचे पाय पसरून, मागचा भाग वर करून पिल्लू वाकलं, की समजा ते खेळायला बोलावतंय. कधी हा खाली, कधी तो. गुरगुरण्याला भिऊ नका, खेळात ते चालायचंच. पण एकच सारखा खाली दबतोय, शेपूट पायांत घालून कोपरा शोधतोय, किंवा दोघं अंग ताठ करून आवाज न करता टक लावून बघतायत, तर थांबवायला हवं. शंका आली तर वरच्याला जरा धरून ठेवा. सुटलेला आपणहून परत आला तर ती मस्ती. लांब जाऊन बसला, तर त्याला पुरे झालंय.

भांडण जुंपलंच तर मधे हात घालू नका हं, आपलंच बोट सापडतं. थाळी वाजवा, जाड चादर अंगावर टाका, मग दोघांना दहा मिनिटं वेगळं ठेवा. मारू मात्र नका, त्याने ती जास्तच बिथरतात.

कारवानी म्हणजे सशामागे धावणारं कुत्रं. त्याला साखळीला बांधून ठेवलं तर तो जोर भावावरच निघणार. उन्हं चढायच्या आत आणि संध्याकाळी फिरवा, आणि एकेकट्याला न्या. जेवणाच्या थाळ्या दोन कोपऱ्यांत. दुपारी झोपू द्या. दमलेलं पिल्लू आपल्या पोरांसारखंच किरकिरं होतं.

सासूबाईंची काळजी मात्र उडवून लावू नका. लेकीला त्या दोघांजवळ एकटं सोडू नये. पिल्लांना रेबीजची लस तीन महिन्यांनंतर देतात. राहिली असेल तर या आठवड्यातच टोचून घ्या. दात नुसता लागला, ओरखडा उठला, तरी साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती आता नको, हल्ली ती दंडावर देतात आणि थोडीच असतात.

शेतावर धाडण्याचं म्हणाल, तर दोन महिने थांबा असं मी सांगेन. तरीही एकालाच खऱ्या जखमा होत राहिल्या, तर त्याला चांगलं घर बघून द्या, त्यात कमीपणा नाही. पण शेतावर एकट्याला खुंटीला बांधून ठेवायला नको.

आज कान पुसून बघा, काय दिसलं ते कळवा. आणि सासूबाई काय म्हणाल्या, तेही!