आपले चरित्र, आपलीच लेखणी

सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांचा ‘अर्वाचीन चरित्रकोश’ १९४६ साली निघाला. त्यातली एखादी ओळ कोणाला खटकली, तर तो गृहस्थ फार तर शास्त्रीबोवांना खरमरीत पत्र लिहू शकत होता. रात्री छापखान्यात शिरून ती ओळ गाळून येणे कोणाच्याच आवाक्यात नव्हते. विकिपीडियाने ती सोय करून दिली आहे. हा ज्ञानकोश कोणीही लिहावा, कोणीही सुधारावा. आणि ‘कोणीही’ म्हटले की चरित्रनायक, त्याचा स्वीय सहायक आणि प्रसिद्धी पाहणारी मंडळीही आलीच.

अमेरिकेतले एक प्रकरण बोलके आहे. मॅसॅच्युसेट्सचे लोकप्रतिनिधी मार्टी मीहान यांनी चारच वेळा पदावर राहण्याचे वचन मतदारांना दिले आणि मोडले. विकिपीडियावरील त्यांच्या चरित्रात तसा उल्लेख होता. २००५ साली त्यांच्या कचेरीतल्या माणसांनी तो मजकूर काढून तिथे कचेरीतच तयार झालेले चरित्र चिकटवले. २००६ च्या जानेवारीत ते उघडकीस आले. मला खुपते ते हे की, खोटे लिहिण्याची गरजच पडत नाही. मोडलेले वचन वगळले की भागते. खुद्द विकिपीडियाचे एक संस्थापक जिमी वेल्स यांनाही २००५ साली स्वतःच्या चरित्राला हात लावण्याचा मोह आवरला नव्हता, मग आपल्या तालुक्यातल्या पुढाऱ्याला काय बोल लावायचा!

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली. ज्याने व्हाउचर लिहिले त्याने ते पास करायचे नाही, स्वतःच्या खात्यातले तर मुळीच नाही, हा तिथला पहिला धडा. लेजरमध्ये आकडा चुकला तर खाडाखोड करायची नाही. आडवी रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही. विकिपीडियातही हे दोन्ही नियम आहेत. ज्याचा हितसंबंध आहे त्याने चर्चापानावर दुरुस्ती सुचवावी, त्रयस्थाने ती करावी; आणि प्रत्येक जुनी आवृत्ती तारीखवेळेसह जपली जाते. फक्त सही टोपणनावाची चालते, आणि पासिंग ऑफिसरची खुर्ची बहुधा रिकामी असते.

इंग्रजी पानांवर निदान पुष्कळांचे डोळे असतात. २०१५ च्या जूनमध्ये नेहरू घराण्यावरील पानांत खोडसाळ बदल झाले. खाते न उघडता बदल करणाऱ्याचा आयपी क्रमांक तेव्हा जाहीर दिसे. तो केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा निघाला. बदल पुसले गेले, बोभाटा झाला. पण मराठवाड्यातल्या एखाद्या आमदाराच्या मराठी पानावर असे किती डोळे असणार?

ज्यांचे नाव आमचे शहर आज मिरवते, त्या छत्रपती संभाजी महाराजांवरील पानातल्या मजकुरावरून २०२५ च्या फेब्रुवारीत वाद पेटला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या आदेशावरून महाराष्ट्र सायबरने विकिमीडियाला नोटीस धाडली, पुढे काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. गुन्ह्याची पायरी मला पटली नाही. साधनाला उत्तर साधनाने द्यावे. तरी ती हरकत नावानिशी, दिवसाढवळ्या घेतलेली होती, त्यामुळे तिच्यावर वाद घालता आला. चोरपावलांनी गाळलेल्या ओळीवर वाद कोण घालणार?

स्वतःचे चरित्र स्वतः लिहिण्याची एक सरळ पद्धत आपल्याकडे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, शिक्षण शपथपत्रात द्यावे लागते. खाली सही असते, आणि खोटे लिहिले तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. घरातले मूल शाळेच्या प्रकल्पासाठी आमदारसाहेबांचे पान उतरवून घेत असेल, तर शेजारी ते शपथपत्र उघडून ठेवावे; निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते मिळते. आणि पानाच्या माथ्यावरचा ‘इतिहास’ उघडून मतदानाच्या आधीच्या दोन महिन्यांत काय गळाले आणि काय आले, तेही एकदा पाहून घ्यावे.