जुना पत्ता, नवे कार्ड

जंक्शन म्हणजे काय हे चाळीसगावकरांना सांगावे लागत नाही. मुंबई-भुसावळची लाइन इथून जाते आणि धुळ्याचा फाटा इथेच फुटतो. माझ्या घरातला जुना संगणकही असेच एक जंक्शन आहे. त्यात दोन नेटवर्क कार्डे आहेत. एकाची वायर ब्रॉडबँडच्या मोडेमला जाते, दुसऱ्याची स्विचला. स्विचवरून शेजारच्या खोलीत गल्लीतली मुले अभ्यास करतात. जुन्या प्रश्नपत्रिका त्याच संगणकात साठवलेल्या आहेत. तो लिनक्सवर चालतो. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला. त्याला पैसे पडत नाहीत आणि जुन्या यंत्रावरही तो चालतो. म्हणून तर कारकुनाच्या पगारात हे जमले.

पावसाळ्यात वीज कडाडली आणि मोडेमकडचे कार्ड जळाले. मी जुने कार्ड काढून दुसरे बसवले. दोन्ही कार्डांचे दिवे लागले, पण नेट काही येईना. मुलांना साठवलेल्या प्रश्नपत्रिका मात्र दिसत होत्या. मी मनाशी ठरवून टाकले की आपला संगणक ठीक आहे, दोष कंपनीचाच. तक्रार नोंदवली. कंपनीचा मुलगा भर पावसात मोटारसायकलवर आला, तपासून म्हणाला, "भाऊ, लाइन चालू आहे." मी त्याच्यावर आवाज चढवला. तो बिचारा मान खाली घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी शेजारची मुलगी धावत आली. तिच्या नोकरीच्या अर्जाची ती शेवटची तारीख होती. ती म्हणाली, "काका, लॅपटॉप सरळ मोडेमलाच लावून पाहिला का?" मी पाहिला नव्हता! तिने वायर काढून लॅपटॉपला लावली आणि नेट सुरू! अर्ज गेला. मला मात्र मान वर करवेना. दोष माझ्याच घरात होता.

मग नीट बसून एकेक पायरी तपासली. दिवा लागला म्हणजे वायर जिवंत आहे एवढेच कळते. पुढचा प्रश्न असा की संगणकाला कार्ड कोणत्या नावाने दिसते? पूर्वी लिनक्स कार्डांना सापडतील त्या क्रमाने ईटीएच०, ईटीएच१ अशी नावे देई. त्यात कधीकधी नावांची अदलाबदल होई. २०१३ पासून बहुतेक ठिकाणी कार्ड कोणत्या खाचेत आहे यावरून नाव ठरू लागले. मी नवे कार्ड शेजारच्या खाचेत बसवले होते. त्यामुळे ईएनपी३एस० होते त्याचे ईएनपी४एस० झाले. पण मांडणीच्या फायलीत नाव जुनेच! घर बदलले आणि रेशनकार्डावर जुना पत्ता राहिला, असे प्रकार मी कचेरीत रोज पाहतो. माझ्याच घरात तो मला दिसला नाही.

फायलीत एक आकडा बदलला. मोडेमने कार्डाला क्रमांक दिला आणि संगणकावर नेट आले. तरी मुलांच्या खोलीत येईना. आतल्यांची मागणी बाहेर पोचवणारा जो नियम असतो, त्यातही जुनेच नाव होते. तेही बदलले तेव्हा फाट्यावरची गाडी मेन लाइनला लागली.

तुमच्याकडे नेट बंद पडले तर हा क्रम लक्षात ठेवा. आधी दिवे पाहा. मग मोडेमला सरळ जोडून पाहा. तिथे नेट चालले तर लाइन ठीक आहे, दोष पुढे शोधा. मग कार्डाचे नाव आणि त्याला मिळालेला क्रमांक तपासा. नंतर पिंग करून आधी मोडेम, मग बाहेरचा एखादा क्रमांक आणि शेवटी एखादे नाव उत्तर देते का ते बघा. क्रमांक उत्तर देतो पण नाव देत नाही, तर नावाचा क्रमांक शोधून देणाऱ्या डीएनएसमध्ये दोष आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदलले ते वहीत लिहून ठेवा.

त्या मुलाला मी दुसऱ्याच दिवशी गाठले. चहा पाजला आणि चूक माझी होती हे त्याच्या सोबत्यांसमोर सांगितले. कंत्राटावर राबणाऱ्या पोरावर आवाज चढवणे सोपे असते. आधी आपली वायर तपासावी, मग दुसऱ्याकडे बोट दाखवावे.