परवानगी मिळाली, पण गोळी कुठली?

शिकारीचा विषय निघाला की आपल्या हॉस्टेलमध्ये लगेच दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी जिम कॉर्बेटची पारायणं केलेली, दुसरी 'बिचारे प्राणी' वाली. दोघींचाही आवाज मोठा! मेसमधला भात संपतो पण वाद संपत नाही. परंतु मित्रांनो, ह्या दोन्ही पार्ट्यांपैकी एकानेही आजवर एक साधा प्रश्न विचारलेला मी ऐकला नाही. गोळी कुठली? ज्या जनावरावर बार काढायचा ते जागेवर पडणार की जखमी होऊन नाल्यात जाऊन दोन दिवस तडफडणार, हे ठरवणारी ती दहा-पंधरा ग्रॅमची वस्तू. तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही. मी मेकॅनिकलची असल्यामुळे म्हणा, मला सगळा वाद तिथेच अडकलेला दिसतो.

आणि त्याला कारण गिरड. समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव बऱ्याच जणांना टेकडीवरच्या शेख फरीदबाबांच्या दर्ग्यामुळे माहीत असेल. टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. व्यापाऱ्यांनी बाबांची टिंगल केली म्हणून त्यांच्या मालाचे दगड झाले, अशी कथा आहे. (जिऑलॉजीवाले त्याला झिओलाइट म्हणतात, पण माझ्या मामीसमोर म्हणू नका.) हे माझं आजोळ. सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा ही पिकं, आणि ह्या पिकांचे न विचारता झालेले दोन भागीदार, रानडुक्कर आणि रोही. पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी सांगते, रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय आहे, पण ती हरणांच्या भाऊबंदकीतली. मोठा नर अडीचशे किलोच्या घरात जातो. डुकरांचा कळप एकदा हरभऱ्यात शिरला की सकाळी तिथे नांगर फिरवल्यासारखं दिसतं. त्यामुळे थंडीत रात्र रात्र जागल करावी लागते.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. शिकारीला बंदी आहे, ती असलीच पाहिजे. पण कलम 11 मध्ये एक खिडकी ठेवली आहे. अनुसूची 1 सोडून इतर जनावर उभ्या पिकाला धोकादायक झालं असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी ते मारायला लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी ही परवानगी वनक्षेत्रपालाच्या पातळीवर आणली. मामाने एका वर्षी अर्ज केला आणि कागद मिळालासुद्धा. मी तो वाचला. जनावराचं नाव होतं, गट नंबर होता, मुदत होती, मेलेलं जनावर सरकारजमा करायचं हेही होतं. हत्यार कुठलं, काडतूस कुठलं, नेम कुणाचा, ह्यावर एक ओळ नाही. (काडतूस हा शब्दही मला तिथेच कळला. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये कार्ट्रिज म्हणजे प्रिंटरची, एवढंच!)

दुसरीकडे आर्म्स ॲक्ट 1959. त्याचं कलम 13 वाचलंत तर खरी मेख कळेल. पीक राखायला शेतकऱ्याला बंदूक हवी असेल तर कायदा सर्वात आधी देतो ती भरमार. ती पुरी पडत नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर. नळीत आटे पाडलेली रायफल हवी असेल तर वेगळं सबळ कारण दाखवा. म्हणजे एक कायदा सांगतो डुक्कर मार, दुसरा सांगतो ते छर्‍याने मार.

मग छर्रा काय करतो? आकडेमोड अकरावीची आहे, घाबरू नका. एलजीचे छर्रे एका औंसात साधारण 6 बसतात, म्हणजे एक छर्रा पावणेपाच ग्रॅमचा. वेग सेकंदाला 400 मीटर धरला तर अर्धा एम व्ही स्क्वेअर, एका छर्‍याची ऊर्जा पावणेचारशे ज्यूलच्या आसपास. तीही नळीच्या तोंडाशी. छर्रा गोल, हवा त्याला फार लवकर थोपवते आणि अंतर वाढेल तसे छर्रे पसरतात. आता .30-06 ही जगभर मोठ्या जनावरांसाठी वापरली जाणारी रायफल घ्या. 180 ग्रेनची, म्हणजे पावणेबारा ग्रॅमची गोळी, वेग सुमारे 820 मीटर. उत्तर येतं 3900 ज्यूल! समोर आहे थोराड नर डुक्कर, ज्याच्या खांद्यावर कातडीखाली कुर्च्याची जाड ढाल असते. चाळीस पावलांवरून त्याला दोन-तीन छर्रे लागले तर काय होणार? ते पळतं. मरतंही, पण चौथ्या दिवशी. किंवा मरत नाही, आणि सकाळी कापूस वेचायला गेलेल्या बाईच्या अंगावर येतं.

पण नुसती ऊर्जा जास्त असून भागत नाही, आणि इथेच गोळी निवडण्याची खरी विद्या सुरू होते. पूर्ण तांब्याच्या कवचातली लष्करी गोळी जनावराच्या आरपार जाते, सुईसारखी. बरीचशी ऊर्जा पलीकडच्या बांधाला! मऊ टोकाची गोळी आत गेल्यावर फुलते, भोक मोठं करते आणि जनावर लवकर पडतं. पण ती फार हलकी आणि पातळ कवचाची असेल तर रोहीच्या खांद्याच्या हाडावरच फुटून जाते, आत पोहोचतच नाही. म्हणून जितकं जनावर मोठं तितकी गोळी जड, कवच जाड, आणि शिसं कवचाला पक्कं धरलेलं. गंमत बघा, ह्या फुलणाऱ्या गोळीचं नाव आपल्या देशातलं आहे. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात 1890 च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले याने .303 साठी ती बनवली, आणि 1899 च्या हेगच्या जाहीरनाम्याने युद्धात तिच्यावर बंदी आली. माणसावर जी क्रूर म्हणून बंद केली, तीच शिकारीत दयेची ठरते. जर्मनीत तर कायदाच आहे. रानडुक्कर मारायचं तर कॅलिबर 6.5 मिलिमीटरपेक्षा कमी नको, 100 मीटरवर ऊर्जा 2000 ज्यूलपेक्षा कमी नको, आणि छर्रा वापरायचाच नाही. शिवाय शिकाऱ्याने आधी परीक्षा पास करायची. आपली व्हायवा परवडली म्हणतात!

तिकडे बरेच लोक काडतुसं हातानेच भरतात. झाडलेलं पितळी टरफल साच्यात घालून पुन्हा मापात आणायचं, नवी टोपी बसवायची, दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलायची, मग हव्या त्या गोळीला ठरलेल्या खोलीवर बसवायचं. एक ग्रेन म्हणजे 65 मिलिग्रॅम, त्याचा दहावा भाग! एवढी काटेकोरी का? तर .30-06 च्या नळीत 60,000 पीएसआयपर्यंत दाब जातो. कारच्या टायरमध्ये असतो 30. पण नीट केलं तर आपल्याच रायफलला मानवणारी, आपल्याच जनावराला योग्य अशी गोळी मिळते आणि प्रत्येक बार सारखा जातो. आपल्याकडे लायसन्सशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे आणि मी ते बदला असं मुळीच म्हणत नाही. पण विरोधाभास बघा. भरमारवाला दर बाराला हातभरणीच करत असतो. तोंडातून दारू, मग चिंधी, मग छर्रे, वरून गज. तराजू नाही, साचा नाही, माप म्हणजे तळहात. आणि हीच ती बंदूक, जी कायद्याने शेतकऱ्यासाठी आधी निवडली आहे.

चांगली काडतुसं देशात होत नाहीत का? होतात की. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात .315 ची मऊ टोकाची, 244 ग्रेनची काडतुसं बनतात. बारा बोअरची 'शक्तिमान' पण तिथलीच (टीव्हीवाला नव्हे). प्रश्न ती कुणाच्या हातात द्यायची हा आहे.

माझा रूममेटीणीशी ह्यावरून कडाक्याचा वाद झाला. तिचं म्हणणं, रायफलची गोळी तीन किलोमीटरच्या पुढे जाते. आपल्याकडे रात्री वावरावावरात माणसं जागलीला बसलेली असतात, छर्रा निदान जवळच पडतो. मुद्दा खरा आहे आणि तो मला खोडता येत नाही. म्हणूनच रायफल प्रत्येक शेतकऱ्याला द्या असं माझं म्हणणं नाही. तालुक्याला चार-पाच तपासलेले नेमबाज असावेत. मचाणावरून खाली कोन करून मारावं, म्हणजे चुकलेली गोळी मातीत जाते. जखमी जनावराचा माग काढायची जबाबदारी त्यांचीच. 2016 मध्ये बिहारला मोकामाच्या टापूत बाहेरून नेमबाज बोलावून दोनशेच्या वर रोही मारले, तेव्हा देशभर गदारोळ झाला. मारावेत की नाही ह्यावर मंत्रीसुद्धा भांडले. ते भांडण चालू द्या. पण परवानगी द्यायचीच असेल तर ती नीट मारणाऱ्याला द्या, एवढंच.

कारण ज्याच्या हातात नीट साधन नाही तो गप्प बसत नाही, तो तार लावतो. कुंपणात चोरून वीज सोडतो. तारेला काय, डुक्कर काय आणि माणूस काय, सारखंच. ब्रह्मपुरीकडून पकडून जुलै 2017 मध्ये आपल्या बोरमध्ये सोडलेली ती तरुण वाघीण आठवते? तिला गोळी घालण्याचा आदेश निघाला, प्रकरण नागपूरच्या हायकोर्टात गेलं, माणसं तिच्या मागावर फिरत होती. ऑक्टोबरमध्ये ती मेली ती वर्धा जिल्ह्यातच, सिंदीविहिरीजवळ, शेताच्या कुंपणातल्या करंटने. पाच-पन्नास रुपयांच्या तारेने!

'बिचारे प्राणी' पार्टीला माझं सांगणं, मलाही ते बिचारेच वाटतात, म्हणून तर ज्यूल मोजले. कॉर्बेट पार्टीला सांगणं, ह्यात मर्दुमकी काही नाही, हे पेस्ट कंट्रोलसारखं कंटाळवाणं काम आहे आणि ते तसंच राहिलेलं बरं.

मला हवं आहे ते फार थोडं आहे. परवानगीच्या नमुन्यात दोन ओळी वाढवा. एक, हत्यार आणि काडतुसाचा प्रकार, 100 मीटरवरच्या किमान ऊर्जेसकट. दुसरी, झाडणाऱ्याने नेमबाजीची चाचणी कधी दिली ती तारीख. आणि चाचणीसाठी गिरडला गोळीबाराचं मैदान नाही म्हणाल, तर पोलिसांची रेंज वर्षातून दोन दिवस ह्या कामाला द्यायला काय हरकत आहे? मामाचा हरभरा डिसेंबर-जानेवारीत घाट्यांवर येतो. तोपर्यंत नमुना बदलला तर उत्तमच, नाहीतर तो ह्याही वर्षी टॉर्च आणि फटाके घेऊन मचाणावर बसणार आहे.